गुरांमागचं घर

राहायला चांगली शहरं कोणती, यावर गेल्या वर्षी मी इतकं वाचलं की कोणी परीक्षा घेतली असती तर पहिला नंबर काढला असता. कुठल्या शहराच्या मधोमध टेकडी आहे, कुठे तळ्याभोवती चालायची वाट बांधलीय, कुठे सायकलींना वेगळा रस्ता आहे, सगळं तोंडपाठ झालं होतं. जेवणं आटोपली की मी मोबाईल घेऊन बसायचो आणि बायको भांडी आवरता आवरता विचारायची, "आज कुठलं गाव?" त्या लेखांबरोबर फोटो असायचे. फोटोतला माणूस कायम पळायचे बूट घालून, पाठीला पिशवी लावून, हसत हसत डोंगर चढत असायचा. पायजमा पोटरीपर्यंत दुमडलेला, डोक्याला दुपट्टा बांधलेला, हातात काठी घेतलेला माणूस मला एकाही फोटोत दिसला नाही. मी तर त्याच्यासाठीच शहर शोधत होतो.

तो माझा धाकटा भाऊ. माझं स्वतःचं म्हणाल तर मला कुठलंही गाव चालतं. कोपऱ्यावरून दही आणायलाही मी गाडी काढतो, असं बायको म्हणते आणि ते खरं आहे. भावाचं तसं नाही. तो लहान असताना त्याला जबर ताप आला, तो डोक्यात गेला, आणि त्यानंतर त्याची समज तिथेच कुठेतरी थांबली. आता त्याचे केस पिकायला लागलेत. बोलतो अगदी कमी, आणि जे बोलतो ते ठरलेल्या वेळी, ठरलेल्या माणसाशी. गावात काही जण त्याला येडा म्हणायचे. त्यापायी मी शाळेत असताना दोघातिघांची डोकी फोडली आहेत आणि त्याचं मला आजही काही वाईट वाटत नाही.

आमचं गाव वाशिम जिल्ह्यातल्या मानोऱ्यापासून बरंच आत. घर साधंच, पुढे पत्र्याची पडवी आणि बाजूला एका गाईपुरता गोठा. आमच्याकडे सकाळी घरोघरची गुरं सुटतात आणि गावाबाहेरच्या मोकळ्या जागेवर जमतात. त्या जागेला आखर म्हणतात. तिथून गुराखी सगळा कळप घेऊन रानात जातो आणि दिवस कलला की परत आणतो. गुराखी बाजूच्या तांड्यावरचा होता. त्याच्यासोबत जायला भावाला कोणीच सांगितलं नव्हतं. पोरगा असताना एक दिवस तो आमच्या तांबड्या गाईच्या मागे मागे गेला, आणि मग रोजच जायला लागला. फडक्यात भाकर, वर मिरचीचा ठेचा, खांद्यावर काठी. आखरावरून सागाच्या जंगलापर्यंत, तिथून नाल्याच्या काठाने धरणाच्या पाण्यावर आणि परत. ऊन असो, थंडी असो, पोळ्याचा दिवस सोडला तर त्याला सुट्टी नव्हती. पोळ्याला गुरं घरी असतात म्हणून त्याचा नाइलाज व्हायचा. त्या दिवशी तो बांधलेल्या बैलांच्या अवतीभवती फिरत राहायचा.

आईला सुरुवातीला धास्ती होती. रानात हा कुठे चुकला तर कोणाला काय विचारणार? म्हणून तिने त्याला एकच गोष्ट शिकवली होती आणि ती रोज सकाळी भाकर बांधताना त्याला ऐकवायची. "रस्ता चुकला तं घाबरू नोको. गाईच्या मांगं लाग. गाय घरीच येते." त्याने ते पक्कं धरलं. एकदा पावसाळ्यात आभाळ भरून आलं, कळप फुटला, गुराखी एका बाजूला आणि हा दुसऱ्या बाजूला. गुराखी बोंबलत गावात आला. आई मात्र दारातून हलली नाही. थोड्या वेळाने तांबडी पाणी निथळत गल्लीत वळली आणि तिच्या शेपटीमागे हा.

संध्याकाळी गुरं गावात शिरली की कळप गल्लीगल्लीत फुटायचा. कोणाला हाकलावं लागायचं नाही, जो तो आपल्या दारात वळायचा. आमच्या दारात आई पाण्याचा गडवा घेऊन उभी असायची. आधी गाईच्या खुरांवर पाणी ओतायची, मग भावाच्या पायांवर, आणि दोघांना मिळून एकच विचारायची, "आले का बापा? आले न घरी!" भाऊ एक पाय पुढे करायचा, मग दुसरा, आणि म्हणायचा, "आलो." दिवसभरात तो एवढा एकच शब्द नक्की बोलायचा. मी सुट्टीत गावी गेलो की हे पाहायचो आणि मला त्यात विशेष काही वाटायचं नाही. रोजचंच होतं ते.

वडील केव्हाच गेले होते. आई गेली तेव्हा मी पुण्यात, बँकेत. तेरवी झाली, तांबडीच्या वंशातली शेवटची गाय मामाने नेली, आणि मी भावाला घेऊन पुण्याला आलो. आमचं घर पाचव्या मजल्यावर. मुलगी शिकायला बाहेरगावी, म्हणून एक खोली मोकळी होती. बायकोने त्याला नवीन चादर घातली, पंखा दाखवला, टीव्ही लावून दिला. तो सकाळी उठला, फडकं हातात घेतलं आणि दाराशी जाऊन उभा राहिला. दार उघडलं तर समोर शेजाऱ्यांचं दार. लिफ्टमधून खाली नेलं तर गाड्यांची रांग. तो वर आला आणि दाराला पाठ लावून बसला. दुसऱ्या दिवशी तेच. मग त्याने जेवण कमी केलं, आणि पुढे पुढे ताटाकडे पाहायचंच सोडलं. बायकोने हाताने भाकरी थापली, ठेचा केला, मानोऱ्याकडे करतात तशी अंबाडीची भाजी कोणाकोणाला विचारून केली. तो ताट बाजूला सारायचा, ओरडायचा नाही. तो ओरडला असता तर बरं झालं असतं, असं मला वाटायचं. डॉक्टर म्हणाले, शरीराला काही झालेलं नाही, ह्यांना मोकळं हिंडायला मिळालं पाहिजे, नाहीतर असेच मिटत जातील. मिटत जातील हा शब्द त्यांनी सहज वापरला आणि मला तो फार लागला.

"आपल्याकडे एवढ्या मोठाल्या बागा आहेत," बायको म्हणाली. "रविवारी नेऊ या."

बाग खरंच सुंदर होती. मोठी झाडं, हिरवळ, आणि सगळ्या बागेला वळसा घालणारी लाल मातीची वाट. वाटेवर माणसं भराभरा चालत होती. कोणी कानात गाणी घातलेली, कोणी फोनवर घरच्या बाईला भाजी सांगणारी. भाऊ आमच्याबरोबर चालायला लागला. कित्येक दिवसांनी त्याचे पाय मोकळे झाले होते. झाडं बघत, काठीने वाळकी पानं सरकवत तो छान चालला. मला इतकं हायसं वाटलं की मी बायकोला म्हटलंसुद्धा, जमलं बघ. वळसा पूर्ण झाला आणि आम्ही फाटकाशी परत आलो. भाऊ थांबला. माझ्याकडे बघून म्हणाला, "आलो?"

आई गेल्यापासून हा शब्द त्याच्या तोंडून निघाला नव्हता. मी म्हटलं, "नाही, अजून एक फेरी." आम्ही पुन्हा तेच झाड, तोच बाक, तीच हिरवळ करत फाटकाशी आलो. तो पुन्हा थांबला, पण या वेळी काही बोलला नाही. तिसऱ्या फेरीला तो मागे रेंगाळू लागला. त्याला कळेना की ही माणसं निघाली आहेत कुठे, आणि निघाली आहेत तर पोचत का नाहीत.  बायकोला धाप लागली म्हणून आम्ही बाकावर टेकलो, तिने पाण्याची बाटली काढली, आणि वळून पाहतो तर भाऊ नाही.

पुढचे काही तास मी कसे काढले ते मला नीट आठवत नाही. बाग पालथी घातली. पहारेकऱ्याला विचारलं, भेळवाल्याला विचारलं, चौकीत जाऊन वर्णन सांगितलं. पोलीस म्हणाला, "नाव विचारलं तर सांगेल का?" मी म्हटलं, नाही. "पत्ता?" नाही. त्याने फक्त कपडे लिहून घेतले. बायको रडत रडत एका बाजूचा रस्ता धरून गेली, मी दुसऱ्या. दिसेल त्याला मी विचारत होतो, डोक्याला दुपट्टा, हातात काठी. लोक चांगलेच होते, पण त्या गर्दीत एका माणसाकडे लक्ष कोणाचं असणार?

शेवटी एका भाजीवाल्या बाईने सांगितलं, "तो काय, गाईंपाशी बसलाय." दिवेलागणीची वेळ. मंडई उठत होती. सडक्या भाजीच्या ढिगाजवळ, रस्त्याच्या मधल्या दुभाजकावर तीन मोकाट गाई बसल्या होत्या, दोन्ही बाजूंनी गाड्या हॉर्न मारत जात होत्या, आणि एका गाईच्या पाठीवर हात ठेवून माझा भाऊ बसला होता. त्याला काही लागलं नव्हतं. तो घाबरलेलाही नव्हता. त्याने आईने सांगितलेलंच केलं होतं. रस्ता चुकला, गाय दिसली, तो तिच्या मागे लागला. गाय बसली म्हणून तो बसला. आता ती उठेल आणि घरी जाईल, म्हणून तो वाट बघत होता.

त्या गाईंना घर नव्हतं, हे मी त्याला कसं सांगणार? मी दुभाजकावर त्याच्याजवळ बसलो आणि माझा बांध फुटला. बँकेतला हुद्देदार माणूस, भर रस्त्यात. येणारे जाणारे बघत होते. भावाने माझ्याकडे पाहिलं आणि मग पुन्हा गाईकडे पाहू लागला.

मी त्याला गावी परत नेलं. आमच्या शेजारी काकू राहते, वडिलांच्या चुलतभावाची बायको. तिने त्याला ठेवून घेतलं, त्याच्या पुढ्यात ताट वाढलं आणि तो जेवला. मला वाटलं सुटलो. दोन दिवस राहून मी निघालो त्या सकाळी आखरावरून जाताना पाहिलं तर भाऊ तिथे उभा होता, हातात फडकं, खांद्यावर काठी. एकटाच. आखरावर एकही जनावर नव्हतं.

"कळप कुठे गेला?" मागे फिरून मी काकूला विचारलं.

"कळप कायचा राह्यला आता," काकू म्हणाली. "तुमची माय होती तवाच धा-पाच जनावरं उरले होते. ज्याच्या त्याच्या घरी ट्रॅक्टर. बैलं इकले लोकायनं. गाई हायेत त्या दारातच बांधल्या असतात. गुराखी बायकापोरं घेऊन ऊस तोडाले जाते, आला तरी राखाले काय हाय? हा कालबी तुमी उठाच्या आंधी गेला आन् उभा राह्यला. ऊन तापलं तवा मीच जाऊन आनलं त्याले." मग ती म्हणाली, "आन् सांगून ठेवतो, सोयाबीन निघालं का मी वाशिमले चालली पोराजवळ. माह्ये गुडघे गेले. मंग तुमी पाहा याचं काय करता ते."

तिला दोष द्यायला जागा नव्हती. तिने केलं तेवढं सख्ख्यांनी केलं नसतं. पण त्या दिवशी एसटीत बसल्यावर माझ्या लक्षात आलं की माझा भाऊ आता कुठेच मावत नाही. पुण्यात त्याला फिरायला जागा होती पण परतायला खूण नव्हती, आणि गावात खूण होती ती आखरासकट मोडली होती. सोयाबीन निघायच्या आत मला तिसरी जागा शोधायची होती.

आणि मग ते लेख सुरू झाले. बँकेत मला विनंतीवरून बदली मिळणार होती, शहर मी सांगायचं होतं. नाशिक पाहिलं, नागपूर पाहिलं, तिथल्या ओळखीच्यांना फोन केले. प्रत्येक जण उत्साहाने आपापल्या गावातल्या बागा सांगायचा आणि मी विचारायचो, "तिथे माणसं गोल फिरतात का?" समोरचा गडबडून जायचा. बायको म्हणाली, "असं विचारत जाऊ नकोस, लोकांना वाटेल तुझंच काहीतरी बिनसलंय." ती हे हसत म्हणाली, पण तिलाही घोर होता. तिने स्वतःहून मला सांगितलं होतं, तू म्हणशील त्या गावी येते, फक्त त्याला कोंडून ठेवायला लावू नकोस. तिचं सगळं आयुष्य पुण्यातलं. मला तिचा तेव्हा अभिमान वाटला आणि तो मी तिला बोलून दाखवला नाही, म्हणून इथे लिहितो.

सगळ्यात पुढे नंबर लागला अमरावतीचा. आपल्या भागातलं मोठं गाव, डोंगर आहे, तळी आहेत, दवाखाने आहेत. तिथल्या शाखेतल्या एका सहकाऱ्याने मला दिवसभर हिंडवलं. तळ्याकाठची बाग दाखवली, टेकडीवर नेलं. सगळं उत्तम होतं. संध्याकाळी लोक फिरायला आले तेव्हा मी एका बाजूला उभा राहून बघत राहिलो. मला डोळ्यांसमोर माझा भाऊ दिसत होता, फाटकाशी थांबून माझ्याकडे पाहणारा. सहकारी म्हणाला, "मग, ठरलं ना?" मी म्हटलं, "कळवतो." त्याचं तोंड उतरलं. खूप मन लावून दाखवलं होतं त्याने.

दुसऱ्या दिवशी मी भावाला भेटायला मानोऱ्याकडे निघालो. अमरावतीहून एसटीने कारंजाला यायचं आणि तिथे गाडी बदलायची. कारंजाला उतरलो तर पुढची गाडी लागायला उशीर होता. बाजार समितीकडे जाणाऱ्या कापसाच्या गाड्यांनी रस्ता अडला होता, त्या धुरळ्यातून बाहेर पडावं म्हणून मी पायीच निघालो आणि गावाच्या कडेला तळ्यापाशी आलो. तिथे टपरीवर चहा घेतला. तळ्यात म्हशी डुंबत होत्या. ऊन उतरायला लागलं तशी एक म्हैस काठावर चढली, मग तिच्यामागे दुसरी, मग सगळ्याच. कोणी हाकलत नव्हतं. हाकणारा माणूस बराच मागे बिडी ओढत येत होता.

मी चहाचा पेला ठेवला आणि त्यांच्या मागे निघालो.  म्हशींनी डांबरी रस्ता ओलांडला, दोन्हीकडची वाहनं निमूट थांबली. पुढे एका जुन्या जैन मंदिराच्या मागून, धान्याच्या दुकानांना लागून, म्हशी एका रुंद गल्लीत शिरल्या. गल्लीच्या टोकाला पत्र्याचा मोठा गोठा होता. त्या आत गेल्या आणि प्रत्येक म्हैस आपापल्या खुंट्यापाशी जाऊन उभी राहिली. मी दाराशी उभा राहून बघत होतो, तर गवळ्याची बायको बादली घेऊन आली.

"दूध अजून काढलं नाई," ती म्हणाली. "थांबा लागन."

"दूध नको. म्हशी रोज इथेच येतात?"

तिने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "मंग कुठी जातीन? घर हाय न त्यायचं."

"रोज त्याच वाटेने?"

"भाऊ, तुमी म्हशी घ्याले आले का काय?"

मी तिला भावाचं सगळं सांगितलं. तिथे गोठ्याच्या दारात, शेणाच्या वासात, अनोळखी बाईला. पुण्यातल्या शेजाऱ्यांना जे सांगितलं नव्हतं तेही सांगितलं. ती बादली खाली ठेवून ऐकत राहिली. शेवटी म्हणाली, "येऊ द्या न मंग. आमचा मालक एकटाच राह्यते म्हशीमांगं. तळ्याच्या पलीकडं पडीत रान हाय, दिवसभर तथीच असतात. एक मानूस संग असला तं बरंच हाय." मी विचारलं, या गल्लीत भाड्याने घर मिळेल का? ती हसायला लागली. "मिळन. म्हशीचा वास येते म्हनून कोनी राहतच नाई."

मानोऱ्याची गाडी चुकली, पण मी त्याच दिवशी घर पाहिलं. गोठ्याच्या आधी दोन दारं सोडून. पुढे लहानसं अंगण आणि लोखंडी फाटक.

साहेबांनी माझा अर्ज वाचला आणि विचारलं, "कारंजा? लिहिताना काही चूक नाही ना झाली? तिथली पोरं पुण्याला यायला माझ्या हातापाया पडतात." मित्र म्हणाले, तिथे आहे काय फिरायला? मी म्हटलं, म्हशी आहेत. त्यांना वाटलं मी चिडून बोलतोय. बायकोने मात्र एवढंच विचारलं, की नळाला पाणी किती दिवसांनी येतं. मी सांगितलं ते तिला फारसं आवडलं नाही, तरी तिने पिंपं विकत घेतली आणि सामान बांधायला लागली.

सोयाबीन निघालं, काकू वाशिमला गेली, आणि भाऊ आमच्याकडे आला. पहिले काही दिवस मी रजा काढून त्याच्यासोबत म्हशींमागे हिंडलो. माझे पाय सुजले. त्याला म्हशी पसंत पडायला वेळ लागला, तो गाईंचा माणूस, पण तिसऱ्या चौथ्या दिवशी त्याने एका पारडीच्या कानामागे खाजवलेलं मी पाहिलं. बायकोने दिलेली भाकर तो तळ्याच्या काठी बसून पुरी खायचा. संध्याकाळी मी त्याचा हात धरून त्याला आमच्या फाटकातून आत आणायचो. तो येऊन गप्प बसायचा. मला वाटायचं, सवय होईल.

मग माझी रजा संपली आणि तो पहिल्यांदा एकटा गेला. बँकेत माझं एकाही कामात लक्ष लागेना. दिवस कलताच मी घरी आलो. बायको आधीच फाटकाशी उभी होती. गल्लीच्या तोंडाशी धूळ दिसली, म्हशी आल्या, आणि सगळ्यात मागे काठी खांद्यावर घेतलेला भाऊ. बायकोने माझा हात गच्च धरला. तो वाट चुकला नव्हता. आम्ही दोघंही हसलो. म्हशी आमच्या दारावरून पुढे गेल्या, आणि भाऊ आमच्याकडे न बघता त्यांच्याबरोबर पुढे गेला.

मी मागोमाग गोठ्यात गेलो. म्हशी खुंट्यांना लागल्या होत्या. भाऊ गव्हाणीला टेकून खाली बसला होता, दाराकडे तोंड करून. मी म्हटलं, "चल, घरी जाऊ." तो हलला नाही. मी त्याचा दंड धरला, त्याने हळूच सोडवून घेतला. "अरे, दोन घरं सोडून आपलं घर आहे. चल ना." माझा आवाज चढला होता. पुण्यातल्या मंडईसमोर बसला होता तसाच तो बसला होता, तसाच शांत, तशीच वाट बघत.

गवळ्याची बायको दूध काढता काढता म्हणाली, "कोनाची वाट पाहून राह्यला काय जी हा?"

कोणाची ते मला तेव्हा कळलं. गुरं त्याने घरी आणली होती. पण गुरं घरी आली म्हणजे तो घरी आला, असं त्याच्या लेखी नव्हतंच कधी. त्याला कोणीतरी घरी आलास असं सांगेपर्यंत तो वाटेतच असायचा. आई गेल्यापासून तो वाटेतच होता.

"बाई, एक गडवा पाणी द्या," मी म्हटलं.

गडवा हा शब्द मी किती वर्षांनी बोललो होतो कोण जाणे. तिने हौदातून भरून दिला. मी त्याच्यासमोर वाकलो आणि त्याच्या एका पायावर पाणी ओतलं.  बँकेत, घरी, फोनवर माझी बोली कधीच धुऊन पुसून स्वच्छ झाली होती, आणि आता तीच हवी होती. मी पुन्हा थोडं पाणी ओतलं आणि आईसारखं, तिच्याच सुरात म्हणायचा प्रयत्न केला.

"आले का बापा? आले न घरी!"

भावाने मान वर केली. माझ्या तोंडाकडे नीट पाहिलं. मग ओला पाय मागे घेऊन दुसरा पाय पुढे केला आणि त्यावर पाणी पडायची वाट बघत राहिला. मी ओतलं.

"आलो," तो म्हणाला, आणि काठी उचलून माझ्या पुढे घराकडे चालू लागला.